मांजरांबद्दल इथे वाचा

महिन्याच्या पहिल्या तारखेला जनावरांच्या त्या दवाखान्यात एक काम ठरलेलं असायचं आणि ते झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. डॉक्टर स्टूल ओढून औषधांच्या कपाटासमोर बसायचे, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल. सूनबाई एकेक बाटली काढून तिच्यावरची मुदत मोठ्याने वाचायची. मुदत संपलेली बाटली बादलीत, संपत आलेलीवर लाल फुली. बत्तीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. मुलाचं लग्न नेमकं पहिल्या तारखेला आलं, तर डॉक्टर आधी कपाटापाशी बसले आणि मग लग्नाला गेले. वर म्हणाले, "नवरी काही पळून जात नाही." ती नवरी म्हणजे सूनबाईच, त्यामुळे ही गोष्ट तिला इतरांपेक्षा जरा जास्तच लक्षात होती.

दवाखान्यात तिला सगळेच सूनबाई म्हणायचे. कुत्री घेऊन येणारे, पोपट घेऊन येणारे, औषधं पोचवणारा, झाडूवाली, सगळे. ती मात्र सासऱ्यांना घरी बाबा म्हणायची आणि दवाखान्याचा उंबरठा ओलांडला की डॉक्टर. हा नियम तिनेच घालून घेतला होता. टेबलाच्या एका बाजूला नातं आणि दुसऱ्या बाजूला काम, असं असलं की भांडणं कमी होतात, असं तिचं मत होतं.

दवाखान्याची वेबसाइट काढायची टूम तिचीच. तीन वर्षांपूर्वी तिने विषय काढला तेव्हा डॉक्टर चिडले होते. "मी काय दुकान मांडलंय?" पण पान तयार झालं, त्यावर दवाखान्याच्या वेळा, पत्ता आणि त्यांचा कान तोंडात धरून बसलेल्या एका वासराबरोबरचा फोटो दिसला, तेव्हा स्वारी पाघळली. रोज विचारायचे, "आज किती लोक येऊन गेले आपल्या पानावर?"

मग एक टॉनिकवाला आला. गुळगुळीत बोलणारा माणूस. त्याला पानाच्या कोपऱ्यात आपल्या टॉनिकची जाहिरात हवी होती. डॉक्टरांनी त्याला चहा पाजला आणि दाराबाहेर सोडला. "माझ्या पानावर तुमची बाटली दिसली की लोकांना वाटणार, ती मीच पाजतोय. लोक माझं नाव बघून विश्वास ठेवतात. ते नाव भाड्याने द्यायचं नाही." त्यानंतर आणखी दोघे-तिघे आले, त्यांनाही तोच चहा आणि तेच दार. पानावर जाहिरात म्हणून नखाएवढीसुद्धा आली नाही, याचा सूनबाईला अभिमान होता.

लिंक्स मात्र होत्या. सात. 'आणखी माहितीसाठी' या मथळ्याखाली. प्रत्येक लिंक डॉक्टरांनी स्वतः उघडून, अक्षर न् अक्षर वाचून मग मंजूर केली होती. त्यातली मांजरांची लिंक त्यांच्या कॉलेजातल्या मित्राच्या पानाची. हा मित्र आयुष्यभर मांजरांचाच डॉक्टर होता आणि लोक त्याला मांजरवालाच म्हणत. त्या लिंकखालचं वाक्य डॉक्टरांनी उभं राहून, हात मागे बांधून सांगितलं होतं आणि सूनबाईने टाइप केलं होतं: 'मांजरांबद्दल शंका असेल तर इथे वाचा. यांच्या शब्दावर माझ्या शब्दाइतकाच विश्वास ठेवा.'

दीड वर्षापूर्वी मांजरवाला वारला. लिंक तशीच राहिली. ती काढावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणी काढली नसती.

घड्याळजी आले ते एका सोमवारी, सकाळी, दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा हा एकटा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक करडी मांजरी. तिचं नाव मावशी. वाघाची मावशी म्हणून मावशी. पहिल्यांदा ते तिला घेऊन आले तेव्हा सूनबाईने "मावशी कोण आहे?" असं पुकारलं आणि बाकावरच्या एक आजीबाई "अगं, मी नाही, माझा बोका आहे" म्हणत उठल्या होत्या. त्यावर सगळा दवाखाना हसला होता. घड्याळजीसुद्धा.

त्या सोमवारी कुणी हसलं नाही. मावशी टोपलीत पडून होती, तोंड सुजलेलं, श्वास भाता ओढावा तसा. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी नव्हत्या, तपकिरी पडल्या होत्या.

"काय दिलंत हिला?"

"तापाची गोळी. आपली, माणसांची. काल सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. अंग तापलं होतं तिचं, आणि काल रविवार, दवाखाना बंद..."

"मांजराला? अहो, विष आहे ते मांजराला! कुणी सांगितलं तुम्हाला?"

घड्याळजींनी डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "कॉम्प्युटरवर वाचलं."

डॉक्टर मावशीच्या पायाची शीर शोधत होते. मान वर न करता ते बोलले, आणि बाहेरच्या बाकांवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. "कॉम्प्युटर काय डॉक्टर झाला का? वाचता आलं म्हणजे अक्कल आली असं नसतं, घड्याळजी! तुमच्या घड्याळात मी टाचणी खुपसली तर चालेल का तुम्हाला?"

मावशीचं डोकं घड्याळजींनी दोन्ही तळव्यांत धरलं होतं, आणि सुई शिरेत गेली तरी ते तसेच धरून उभे राहिले.

दोन दिवस सलाइन, उतारा, प्राणवायू, सगळं झालं. बुधवारी दुपारी मावशी गेली. घड्याळजींनी तिला त्याच टोपलीतून घरी नेलं. जाताना सूनबाईला म्हणाले, "तुमची फार धावपळ झाली."

गुरुवारी डॉक्टरांनी हुकूम सोडला. माणसांची औषधं जनावरांना देऊ नका, असं पानावर ठळक लिहायचं, आणि त्याखाली मांजरवाल्याची लिंक पुन्हा द्यायची. त्याने या विषयावर फार छान लिहिलं होतं. सूनबाईने मजकूर टाइप केला, आणि लिंक चालते ना, हे बघायला तिच्यावर बोट ठेवलं.

उघडलेलं पान मांजरवाल्याचं नव्हतं. पत्ता तोच होता, अक्षर न् अक्षर. पण भाडेकरू गेला की त्याच दाराआड दुसरं कुणी राहायला यावं तसं झालं होतं. माणूस गेल्यावर त्या पत्त्याचे वर्षाचे पैसे कुणी भरले नव्हते, त्याची मुदत संपली होती आणि दुसऱ्याच कुणीतरी तो विकत घेऊन उचलला होता. वर टॉनिकची जाहिरात, बाजूला टॉनिकची जाहिरात, एक बाटली तर चक्क उड्या मारत होती. मधे 'घरगुती उपाय' असा मथळा. त्याखाली चौथ्या ओळीत लिहिलं होतं, मांजराला ताप असल्यास घरातली तापाची अर्धी गोळी, दिवसातून दोनदा.

सूनबाईने दवाखान्याच्या पानाची नोंदवही उघडली. कोण कधी आलं आणि कुठल्या लिंकवर गेलं, हे तिथे राहतं. रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी दवाखान्याच्या वेळा बघितल्या होत्या. दोन मिनिटांनी मांजरांच्या लिंकवर गेलं होतं. अख्ख्या रविवारी पानावर आलेलं ते एकच माणूस.

तिने लिंक काढून टाकली. काढणं भागच होतं, उद्या आणखी कुणाच्या मांजरावर तीच वेळ यायची. पण बटण दाबलं आणि तिच्या लक्षात आलं, की आता हे तिच्याशिवाय कुणालाच कळणार नाही. घड्याळजी स्वतःलाच दोष देत बसणार, डॉक्टर त्यांनाच मूर्ख म्हणत राहणार, आणि पान स्वच्छ दिसणार. याचा तिला सुटका झाल्यासारखा आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला जन्माची लाज वाटली. तरी ती गप्प राहिली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. तोंड उघडायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

मंगळवारी घड्याळजी आले. मावशीचं उरलेलं खाणं आणि तिची वाटी घेऊन आले होते. दवाखान्यात दाखल असलेल्या कुठल्याही मांजराला द्या म्हणाले. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घड्याळजी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. वाचता आलं म्हणजे अक्कल येत नाही." एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले.

वाटी काउंटरवर होती. घासून पुसून लखलखीत केलेली.

"बाबा," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. दवाखान्यात ती असं कधी म्हणत नसे.

तिने सगळं सांगितलं. चार दिवस लपवलं, तेही सांगितलं. मग कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि ते पान उघडून दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि कपाटातल्या बाटलीवरचं वाचावं तसं ते सगळं वाचलं, उड्या मारणाऱ्या बाटलीसकट. मग म्हणाले, "आपलं वाक्य काय होतं गं तिथे?"

तिने सांगितलं. यांच्या शब्दावर माझ्या शब्दाइतकाच विश्वास ठेवा.

डॉक्टरांनी औषधांच्या कपाटाकडे पाहिलं. "बत्तीस वर्षं बाटल्यांच्या तारखा बघतोय," ते म्हणाले, "आणि ही एक बाटली उघड्यावर ठेवून दिली. टॉनिकवाल्यांना पुढच्या दारातून हाकललं, आणि मागचं दार सताड उघडं." त्यांनी काठी घेतली. "चल."

"मी सांगते त्यांना. पान मी बनवलंय."

"तू बनवलंस. नाव माझं आहे. दोघं जाऊ."

घड्याळजींचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली आणि भिंतभर टिकटिक. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळावर वाकले होते. यांना बघून त्यांनी भिंग काढलं, हातातला चिमटा फडक्यावर ठेवला आणि एकुलतं एक स्टूल पुढे सरकवलं. डॉक्टर बसले नाहीत.

"घड्याळजी, तुम्ही जे वाचलंत, त्याची वाट माझ्याच पानावरून गेली होती. मी विश्वास ठेवा म्हटलं होतं आणि पुन्हा कधी बघितलं नाही. ती गोळी तुम्ही नाही दिलीत. मी दिली."

"माहीत आहे मला," घड्याळजी म्हणाले. "तुमच्याच पानावरून गेलो होतो. दुसरीकडे कुठे वाचलं असतं तर नसती दिली. दोनदा वाचलं मी तुमचं वाक्य, मग गोळीचे दोन तुकडे केले."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी चारचौघांत इतकं टाकून बोललो तुम्हाला."

घड्याळजींनी समोरच्या उघड्या घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्या हातात सुई होती, डॉक्टर. मावशीची शीर ती केवढीशी. तेव्हा हे बोललो असतो तर तुमचा हात हलला असता. माझं सगळं काम हाताचंच आहे, मला कळतं ते." थोडं थांबून ते म्हणाले, "नंतर ती गेली. मग बोलून कुणाचं भलं होणार होतं? राग आला होता. अजूनही आहे. आज वाटी द्यायला आलो, ते तुम्ही काही म्हणता का, हे बघायला आलो होतो. काही बोलला नाहीत. म्हटलं, असो."

"बाबांना माहीत नव्हतं," सूनबाई म्हणाली. "मला होतं. गुरुवारपासून." आणि तिथेच, गिऱ्हाईक येईल याची पर्वा न करता, ती रडली. घड्याळजींनी तिला गप्प केलं नाही की रागावले नाहीत. फडकं पुढे केलं, त्याला तेलाचा वास होता.

"मी काय करू, सांगा," डॉक्टर म्हणाले.

"ती लिंक काढली असेल तुम्ही."

"काढली."

"मग तिथे नुसती मोकळी जागा ठेवू नका. काय झालं ते लिहा. तुमचं नाव बघून लोक वाचतात, हेही वाचतील." ते थांबले. "आणि मावशी लिहा. 'एक मांजर' असं नका लिहू."

त्यांनी खणातून पावतीपुस्तक काढलं, एक पान उलटं करून काउंटरवर ठेवलं. डॉक्टर अखेर स्टुलावर बसले. खिशात हात घातला तर लाल पेन्सिलच हाताला लागली, आणि तिनेच त्यांनी लिहायला घेतलं: 'या जागी मी एक लिंक दिली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवा म्हटलं होतं. मी ती पुन्हा तपासली नाही. त्यामुळे मावशी...'

पुढचा शब्द येईना. बत्तीस वर्षं कुठल्याही जनावराच्या शिरेवर न हललेला तो हात आता थरथरत होता, आणि त्याच्याखाली कागद सरकत होता. घड्याळजींनी आपलं बोट पुढे केलं आणि कागदाची कड घट्ट दाबून धरली.

"सावकाश लिहा," ते म्हणाले. "मी धरलंय."