न मागितलेला वन्समोअर

गस फेल्डकॅम्पने तेवीस संगीत नाटकं रंगभूमीवर आणली होती, पण 'तुझं काम जमत नाही' हे वाक्य त्याने आजवर एकाही नटाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. ज्याला काढायचं त्याला सेक्रेटरी पत्र पाठवी, नाहीतर दिग्दर्शक बाजूला घेऊन समजावी, आणि गस त्या दिवशी नेमका बोस्टनला गेलेला असे. अख्खा ब्रॉडवे त्याला देवमाणूस म्हणायचा. एवढ्यावर देवमाणूस होता येत असेल, तर कुणीही व्हावं.

आता तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता, संध्याकाळ झाली की पाय सुजायचे, आणि त्याचं चोविसावं नाटक हार्टफर्डला येऊन अडलं होतं. 'वीहॉकनची विधवा'. सोमवारी न्यू यॉर्कला पहिला प्रयोग. त्याआधी गावोगाव खेळ लावायचे, काय चालतं नि काय पडतं ते बघायचं, आणि पडेल ते कापून टाकायचं, ही या धंद्याची जुनी रीत. आज शनिवार. खेळ अजून पंधरा मिनिटं जास्तच लांबत होता, आणि दिग्दर्शक वॉल्टर टिबेट सकाळी न्याहारीलाच येऊन त्याच्या मानगुटीवर बसला.

"साहेब, दुसऱ्या अंकातलं आत्याबाईचं गाणं काढू या."

गसने अंड्यावर मीठ टाकलं. "डेलियाचं? अरे, त्याला रोज तीन वन्समोअर मिळतात. तुझ्या पोरींच्या नाचाला एक मिळत नाही."

"मिळतात हो. पण देतं कोण?"

"म्हणजे?"

"काल मी वर माडीवर जाऊन बसलो होतो. डावीकडचा कोपरा. आपला पोस्टरवाला, आपले दोन सुतार, गाणी छापणाऱ्याकडची चार माणसं. हीच मंडळी ऑल्बनीत, हीच स्प्रिंगफील्डला. फुकट पास आणि एकेक बिअर, की हात लाल होईपर्यंत बडवत बसतात. मला आता त्यांची तोंडं पाठ झालीत, साहेब."

गस अंडं खात राहिला. त्याला चव लागत नव्हती.

"एक दुपार," वॉल्टर म्हणाला. "आजच्या दुपारच्या खेळाला तेवढी ती माणसं बसवू नका. गाण्याला नुसता एक वन्समोअर मिळू दे, मी पुन्हा नाव काढणार नाही."

गसने हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

डेलिया मॉरिसी सव्वीस वर्षं त्याच्या कंपनीत होती. गसने ओहायोतल्या डेटन गावी पहिलं नाटक लावलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तिच्याकडे एकच पोशाख होता. पुढे तिचं नाव झालं, मोठ्या अक्षरांत लागलं, मग हळूहळू लहान अक्षरांत लागायला लागलं. नऊ वर्षांपूर्वी क्लीव्हलंडला तिचा आवाज वरच्या पट्टीत चिरकला, प्रेक्षक गप्प बसले, आणि ती मेकअपच्या खोलीत दार लावून रडली. गसला ते रडणं ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माडीवर पाच माणसं बसवली. आठवडाभरापुरती, असं तो स्वतःला म्हणाला होता.

दुपारी थिएटरात मोठ्या टोप्या घातलेल्या बायका आणि त्यांची कंटाळलेली मुलं होती. गस आणि वॉल्टर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. डेलिया गायली. सूर घसरला नाही, शब्द चुकला नाही, आणि तरी गाणं कुणापर्यंत पोचलं नाही. तोंडदेखल्या चार टाळ्या झाल्या आणि विरल्या. पुढच्या रांगेतली एक बाई खाली वाकून हातमोजा शोधत होती.

इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण वाद्यवृंदाचा म्हातारा संचालक ओटो क्रॉमर नऊ वर्षं डेलियाच्या गाण्यांना वन्समोअर देत आला होता. टाळ्या ऐकायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. त्याचा हात आपोआप वर गेला, व्हायोलिनं सुरू झाली, आणि डेलियाही तितक्याच सवयीने दोन पावलं पुढे आली, छातीवर हात ठेवून लवली आणि पहिल्यापासून गायला लागली.

"पुन्हा हेच?" कुणीतरी बाई म्हणाली. ती हळूच म्हणाली असेल, पण सगळ्यांना ऐकू गेलं. दोन मुलं फिदीफिदी हसली.

डेलियाने गाणं पुरं केलं. एकही टाळी पडली नाही. गसचे हात खिशातून अर्धे बाहेर आले. वॉल्टर शेजारीच उभा होता. गसने हात परत खिशात घातले, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी जन्मात आली नव्हती.

खेळ संपल्यावर तो तिच्या खोलीत गेला. बोस्टनची गाडी पकडण्याचा विचार मनात येऊन गेला, नाही असं नाही. डेलिया आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होती.

"किती वर्षं, गस?"

"काय किती वर्षं?"

"वेड पांघरू नकोस. टाळ्या नेहमी डावीकडून सुरू व्हायच्या. कुठलंही गाव असो, वरचा डावा कोपरा. मला वाटायचं, माझं नशीब तिथे बसतं. आज तिथे कुणी नव्हतं."

"क्लीव्हलंडपासून," गस म्हणाला. "नऊ वर्षं."

तिने कापूस खाली ठेवला. "बफलोला आई गेल्याची तार आली होती. तरी उभी राहिले मी. पाच वन्समोअर मिळाले त्या दिवशी. अजून झोप येत नसली की मी तेच आठवते. तेसुद्धा तुझेच?"

गसने होकारार्थी मान हलवली.

"माझं भलं करत होतास, नाही का?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला, की तुला? अडतिसाव्या वर्षी सांगितलं असतंस, तर रडले असते आठ दिवस आणि दुसरं काही शिकले असते. विनोदी म्हाताऱ्या केल्या असत्या. लोक हसले असते, पण खरं हसले असते रे! आता सत्तेचाळिसाव्या वर्षी काय करू? स्क्रँटनला बहिणीच्या खाणावळीत बटाटे सोलू?"

गस पोशाखांच्या पेटाऱ्यावर बसला. बाहेर कुणीतरी पडद्यांची दोरी ओढत होतं, त्याचा करकर आवाज येत होता.

"आणि डेटन?" तिने विचारलं. "तिथे कोण होतं माडीवर?"

"कुणी नाही. तेव्हा आपल्याकडे पोस्टर चिकटवायला माणूस नव्हता, टाळ्यांना कुठला?"

"मग पहिली टाळी कुणाची?"

गसने तोंड पुसलं. "माझी."

"झालं. म्हणजे डेटनही गेलं."

"तसं नाही, डेलिया..."

"मग कसं? त्या दिवशी मी चांगली गायले होते का? खरं सांग. इतक्या वर्षांत एक तरी खरं दे मला."

गसच्या जिभेवर गोड शब्द तयारच होते. आयुष्यभर तेच तर वाटले होते त्याने. पण आज ते बाहेर काढण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी ऐकतच नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो."

डेलिया आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. अर्ध्या तोंडावर रंग होता, अर्धं तोंड मोकळं होतं. मग ती हसली, पण ते हसणं काही धड नव्हतं.

"हे तेव्हा बोलायचंस, गाढवा. मी त्या दातांच्या डॉक्टरशी लग्न तरी केलं नसतं."

दारावर टकटक झाली. वॉल्टर आत डोकावला. त्याने दोघांकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर नेली. "साहेब, रात्रीच्या खेळाच्या आधी क्रॉमरला सांगावं लागेल. ते गाणं... तुम्ही म्हणत असाल तर मी बाहेर थांबतो, नंतर बोलू."

गसने डेलियाकडे पाहिलं. ती मदत करेल असं त्याला वाटलं. ती नुसती वाट बघत बसली.

"काढ ते गाणं," गस म्हणाला. मग तिच्याकडे वळून सावकाश म्हणाला, "डेलिया, तुझं गाणं जमत नाही."

वॉल्टर निघून गेला. डेलियाने मान डोलावली, पाठ गसकडे केली आणि पोशाखाचे मागचे हूक दाखवले.

"सोड जरा," ती म्हणाली. "माझे हात पोचत नाहीत."