मान डोलावली म्हणून

प्राजक्ता नेरुरकरचे कान कॉलेजात असतानाच गेले. मेंदूज्वरातून ती वाचली, बोलणंही जसंच्या तसं राहिलं, पण ऐकू येणं कायमचं थांबलं. तिचे वडील सदाशिवराव मूळचे कुडाळकडचे. सिल्वासाला सरकारी नोकरीत आयुष्य काढून निवृत्तीनंतर ते तिथल्याच डोकमर्डी भागात राहिले होते. प्राजक्ता जवळच्याच सामरवरणीच्या एका कार्टनच्या कारखान्यात प्रूफ तपासायची. तेल, बिस्किटं, सर्दीच्या गोळ्या, ज्याची म्हणून खोकी तिथे छापली जात, त्यांच्यावरचं अक्षर न् अक्षर मशीनवर जाण्याआधी तिच्या नजरेखालून जायचं.

समोरचा माणूस नीट तोंड उघडून बोलला तर ती ओठांवरून बरंचसं समजून घ्यायची. फोनवर मात्र ओठ नसतात. आणि तिच्या कामात फोन फार. ग्राहकाला प्रूफ पाठवायचं, मग तो फोन करून तासभर सांगत बसणार, हा रंग गडद करा, ती ओळ खाली घ्या. यावर तिने स्वतःच उपाय शोधला होता. कारखान्याने दिलेल्या टॅबवर ती पडद्याचे दोन भाग करायची. वरच्या भागात प्रूफ, खालच्या भागात एक ॲप, जे कॉलवरचं बोलणं लगोलग अक्षरांत उमटवायचं. ग्राहक निम्मं गुजरातीत, निम्मं हिंदीत बोलायचे, त्यामुळे खाली काहीबाही उमटायचं, पण तिला त्याची सवय झाली होती. ती खालचं वाचायची आणि वर खुणा करत जायची. ग्राहकांपैकी बऱ्याच जणांना तिला ऐकू येत नाही हे माहीतही नव्हतं.

मग टॅब बदलायचे ठरले. जुने फार रेंगाळत होते, तीन खिडक्या एकदम उघडल्या की एखादी आपोआप बंद व्हायची. बाजारात दोन पर्याय होते. एक आहे त्याच जातीचा नवीन टॅब, दुसरा वेगळ्याच कंपनीचा, ज्याची ऑपरेटिंग सिस्टिम निराळी. कारखान्यातली संगणकांची बाजू सुमित बघायचा. त्याने दोन्ही प्रकारचे नमुने मागवले आणि निवडक लोकांना वापरायला दिले. कोणावर एका वेळी जास्त कामं होतात, कोणावर वेळ वाचतो, हे ठरवायचं होतं. निवडलेल्यांत प्राजक्ताही होती. तिने मन लावून दोन्ही वापरले. रंग दाखवण्यात दुसऱ्या कंपनीचा टॅब खरोखर सरस होता, पेनही कागदावर चालावं तसं चालायचं. हे तिने सुमितला मोकळेपणाने सांगितलं. पण त्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, तिने त्याला आपला पडद्याचा खालचा भाग दाखवला होता. कॉल चालू असताना हे चालतं का तेवढं बघ, बाकी काहीही घ्या, असं ती म्हणाली होती. सुमितने अंगठा दाखवून हो म्हटलं होतं.

कँटीनच्या हॉलमध्ये त्याने सगळ्यांना तुलना करून दाखवली. दोन्ही टॅब शेजारी शेजारी ठेवले, मागे मोठा पडदा. वेगळ्या कंपनीच्या टॅबवर त्याने चार खिडक्या उघडल्या, एकीतला फोटो बोटाने ओढून दुसरीतल्या मेलमध्ये टाकला, तिसरीत हिशेब चालू ठेवून चौथीत डिझाइन फिरवलं. कुठे अडखळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्राजक्तानेही वाजवल्या. कॉल आणि अक्षरं यांचं सुमित काही बोलला नाही. चालत असेल म्हणूनच बोलला नाही, असं तिने धरलं.

नवे टॅब वाटले गेले, जुने कपाटात गेले. पहिल्याच कॉलला प्राजक्ताचा खालचा भाग कोरा राहिला. नव्या टॅबवर कॉल सुरू झाला की ते ॲप गप्प बसायचं, कॉल संपला की पुन्हा सुरू व्हायचं. ती सुमितकडे गेली. तो म्हणाला, अपडेट येईल, थोडे दिवस सांभाळून घ्या. तिने जुना टॅब परत मागितला, तर तो म्हणाला की नव्या टॅबसोबत आलेले कामाचे प्रोग्रॅम जुन्यावर उघडत नाहीत. तिने ग्राहकांना लिहून पाठवायची विनंती केली. काहींनी ऐकलं, काहींना टंकायचा कंटाळा. खोक्यांचा पुठ्ठा कापणाऱ्या पंचिंग विभागातली सरिता तिची मैत्रीण. सरिता नंदुरबारहून नवऱ्यामागे इथे आलेली, गुजराती तिला चांगली कळायची. कॉल आला की ती शेजारी येऊन बसायची आणि ग्राहकाचं बोलणं ओठांनी सावकाश सांगायची.

हेअर ऑइलच्या एका ग्राहकाचा कॉल आला त्या दिवशी सरिताला मशीन सोडता आलं नाही. प्राजक्ताने ग्राहकाला व्हिडिओ कॉल करायला लावला आणि पडद्यावर त्याच्या तोंडाकडे बघत जमेल तेवढं टिपलं. त्याने बाजूच्या पट्टीवरचे ‘कंगवा मोफत’ हे शब्दच काढून टाकायला सांगितलं होतं, कारण ती योजना संपली होती. तिला वाटलं, तो रंग बदलायला सांगतोय. कॉलनंतर तिने सगळे बदल लिहून त्याला पाठवले आणि बघून कळवा म्हटलं. त्याने न वाचताच ‘ओके’ पाठवलं. मोफत कंगवा चकचकीत लाल रंगात छापला गेला, खोकी ग्राहकाकडे पोहोचली आणि तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉडक्शनचे प्रमुख भास्करसाहेब सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिले. रोज सकाळी फळ्यापाशी अशी उभ्या उभ्या मीटिंग व्हायची. पूर्वी प्राजक्ता तिथे जुना टॅब हातात धरून उभी राहायची. आता टॅब नवा होता, आणि मशिनांच्या घरघरीत तो लांबचं बोलणं पकडत नव्हता. भास्करसाहेब फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत होते. मग वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. चेहरा रागीट नव्हता. माफी मागायची तर ती कशी मागायची हे तिने आदल्या रात्रीपासून ठरवलं होतं, पण हे काही वेगळंच होतं. सगळे बघत होते. अशा वेळी ती जे नेहमी करायची तेच तिने केलं. मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीत सरिता डबा न उघडताच तिच्यासमोर येऊन बसली.

“ताई, तुम्ही मान काय म्हणून हालवली?”

“का? काय म्हणाले?”

सरिताने इकडे तिकडे बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. साहेब म्हणाले होते की कॉलवर प्राजक्ताचं लक्ष नसतं. एका वेळी दोन कामं तिला झेपत नाहीत, इतका चांगला टॅब देऊनसुद्धा. आता कॉल सुमितच्या टीमने घ्यायचे आणि प्राजक्ताने सोमवारपासून खोकी मोजायच्या टेबलावर बसायचं. शेवटी त्यांनी तिला विचारलं होतं, बरोबर आहे ना?

“अन् तुम्ही हो म्हटलं,” सरिता म्हणाली.

प्राजक्ताचे कान तापले. चूक झाली हे तिला मान्य होतं, आणि ती भरून द्यायची तिची तयारीही होती. पण तिच्यासमोर उभं राहून, तिला काहीही न कळता, तिची नालस्ती करायची, तिचं काम काढून घ्यायचं आणि वर तिच्याच मानेकडून होकार घ्यायचा! आणि तिथे उभ्या असलेल्या एवढ्या माणसांपैकी सरिता सोडून कुणालाही असं वाटू नये की ही बाई ऐकू येत नसताना मान कशाला डोलावतेय? वर्षानुवर्षं तिच्यासोबत चहा पिणारी माणसं ती.

संध्याकाळी घरी सदाशिवरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते तिच्याशी नेहमी समोर बसून, हळू बोलायचे. पगार तोच राहतोय ना, मग बस थोडे दिवस मोजणीवर, असं त्यांचं म्हणणं पडलं. खाजगी नोकरीत साहेबाशी वाकडं घेऊन चालत नाही. प्राजक्ता ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

सकाळी ती सुमितला त्याच्या खुर्चीवरून उठवून सोबत घेऊन भास्करसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांना तिने समोरच्या खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला, म्हणजे त्यांच्या तोंडावर उजेड पडेल. ते जरा चकित झाले, पण त्यांनी सरकवला.

“काल तुम्ही म्हणालात, कॉलवर माझं लक्ष नसतं,” ती म्हणाली. “सर, मी कॉल ऐकतच नाही. कधीच ऐकला नाही. मी तो वाचते. आता वाचायला काही उरलेलं नाही.”

मग तिने खालच्या कोऱ्या भागाची सगळी हकिकत सांगितली. भास्करसाहेबांना ती ओठ वाचते एवढंच माहीत होतं, त्या ॲपचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सुमितकडे बघितलं. प्राजक्ताने सुमितला थेट विचारलं, “मी सांगितलं होतं ते तू तपासलंस का?”

सुमितने खोटं सांगितलं नाही. “तपासलं होतं मॅडम. नव्यावर बंद पडत होतं.”

“मग हॉलमध्ये का नाही बोललास?”

त्याने पेनचं टोपण काढून पुन्हा घातलं. मग म्हणाला, “बाकी सगळ्यात नवा पुढे होता. ही एक गोष्ट... ती फक्त तुमच्यासाठी होती.”

प्राजक्ताला वाटलं, खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. विसरलो म्हणाला असता तर ती चिडली असती आणि विसरली असती. याने तिला मोजलं होतं. मोजून बाजूला काढलं होतं.

भास्करसाहेबांनी प्रकरण मिटवायला घेतलं. तिचा जुना टॅब कपाटातून काढून द्यावा, प्रोग्रॅमचं सुमितने बघावं, मोजणीच्या टेबलाचं काल बोललो ते सोडून द्या. झालं तर मग. त्यांनी फाइल पुढे ओढली.

“टॅब कामाचा आहे, तो तुम्ही द्यालच,” प्राजक्ता जागची हलली नाही. “पण जे सगळ्यांसमोर बोललात ते इथे केबिनमध्ये कसं मिटेल? जिथे बोललात तिथे सांगा.”

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते बरंच काही बोलले. त्यांचा आवाज चढला असावा, कारण काचेपलीकडची माणसं वळून बघायला लागली. एवढ्याशा गोष्टीचा बाऊ, खोकी परत आली तेव्हा वरच्यांचं कोणी ऐकून घेतलं, मालकाला उत्तर कोणी दिलं. प्राजक्ताने एकही शब्द सुटू न देता सगळं वाचलं. मग म्हणाली, “छापायची चूक माझी. तीही मी तिथेच सांगते. तुम्ही तुमची सांगा.” आणि ती बाहेर आली.

त्यानंतर ती मोजणीच्या टेबलावर गेली नाही. जुना टॅब आणून ठेवला होता, त्यालाही तिने हात लावला नाही. आपल्या स्टुलावर बसून कागदावरची प्रूफं तपासत राहिली. कॉल येत होते, सुमितची पोरं ते घेत होती आणि दर थोड्या वेळाने तिच्यापाशी येऊन काय बदलायचं ते विचारत होती. ती तेवढं सांगायची, वर एक शब्द नाही. एकेक प्रूफ आता दुप्पट वेळ खाऊ लागलं. सकाळच्या मीटिंगला जायचं तिने बंद केलं. मला तिथे कळत नाही, एवढंच निरोपात सांगितलं. साहेब तिच्या टेबलासमोरून जायचं टाळू लागले.

आठवडा सरता सरता एके दिवशी सुमित स्वतः तिला बोलवायला आला. मीटिंगला चला मॅडम, म्हणाला. जुना टॅब त्याच्याच हातात होता. फळ्यापाशी पोहोचल्यावर त्याने तो तिच्यासमोर धरला आणि मशीनवाल्यांना सांगून शेजारची दोन मशिनं थांबवली. एकदम शांत झालं असावं, कारण सगळ्यांनी माना वर केल्या.

आधी प्राजक्ता बोलली. कंगव्याची चूक तिच्या हातून झाली हे तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग सुमित तिच्याकडे तोंड करून बोलला. जे तपासून लपवलं होतं ते त्याने सगळ्यांना सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. मग भास्करसाहेब पुढे झाले. त्यांनी खिशात हात घातले, बुटांकडे बघितलं आणि बोलायला लागले. सुमितने टॅब त्यांच्याकडे वळवायला घेतला, पण प्राजक्ताने त्याचा हात खाली केला.

“सर, वर बघून बोला,” ती म्हणाली. “मला तुमच्या तोंडून वाचायचंय.”

कोणीतरी खोकलं, कोणी हसू दाबलं. भास्करसाहेबांनी मान वर केली. प्राजक्ताचं लक्ष नव्हतं असं मी म्हणालो ते चुकीचं होतं, तिला कामाचं साधनच दिलं गेलं नव्हतं, ती तिच्या जागी राहील. एवढंच ते बोलले, त्यातला माफीचा शब्द गिळलेला तिला दिसला. शेवटी त्यांनी विचारलं, बरोबर आहे ना?

या वेळी तिने मान डोलावली नाही. “हो,” असं मोठ्याने म्हणाली.

पुढे सुमितने नवे प्रोग्रॅम जुन्या टॅबवर कसेबसे चालते केले. हळू चालत, पण चालत. पुन्हा खरेदी निघाली की सुरुवात तुमच्यापासून करतो, असं तो चहाच्या वेळी म्हणाला. ती म्हणाली, करशील तेव्हा बघू. त्याच्याशी पूर्वीसारखं बोलायला तिला बरेच महिने लागले, आणि पूर्वीसारखं ते झालंही नाही.

त्या मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं तेव्हा सदाशिवरावांनी हातातला घास तसाच ठेवला.

“सगळ्यांसमोर साहेबांना वर बघा म्हणालीस? तो माणूस डूख धरेल ग.”

“धरू देत,” प्राजक्ता म्हणाली, आणि तिने आमटी पुन्हा वाढून घेतली.