नळ बारीक

"आई, ओट्याखालचा व्हॉल्व तू बंद केलास?"

"मी नाय रे बाबा. मी कशाक बंद करू?" कौसल्याबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, आणि पानांच्या ताटात काडी टाकली. हितेंद्रने ते बघितलं. हल्ली तो आईचं सगळंच बघायचा.

लालबागची त्यांची चाळ पाडून टॉवर झाला आणि सोडतीत घर आलं ते थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर. हवा मस्त, उजेड मस्त, पाण्याचं मात्र रडगाणं. टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे पाण्याला पडायला उंचीच नाही. आरओच्या मशीनमधून पाणी असं ठिबकायचं की पाहुणा उठून गेल्यावर त्याचा ग्लास भरायचा. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, प्रेशरच नाय. बूस्टर पंप लावा." लावू की, त्यात काय, म्हणत हितेंद्र पंप घेऊनही आला. कॉटन ग्रीनच्या गोदामात दिवसभर खोकी मोजणाऱ्या या माणसाला पाना-पक्कड हातात धरायची भारी हौस.

पण त्याची खरी काळजी पाण्याची नव्हतीच. स्वयंपाकघरात पाणी सोडणारा तो ओट्याखालचा व्हॉल्व त्याला सारखा फिरवलेला सापडायचा. हा पूर्ण उघडून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात माणसं तीन. बायको प्राची व्हॉल्वला हात लावत नव्हती. आई म्हणायची, मी नाही, आणि आई खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. मग उरलं काय? आई करते आणि विसरते.

शांतामावशीचं असंच सुरू झालं होतं. आईची पाठची बहीण. आधी गॅस, मग नळ, मग एक दिवस हिंदमाताला साडीच्या दुकानासमोर बाई उभी, आणि घर कुठे ते आठवेना. शेवटी शेवटी ती पोटच्या मुलाला भावजी म्हणायला लागली होती.

त्यात आई रोज सकाळी चहा ठेवताना ओट्यापाशी उभी राहून पुटपुटायची. देवाचं नाव असतं तर हितेंद्रला बरं वाटलं असतं. त्याने कान देऊन ऐकलं, तर "तात्या, मग लक्ष्मी, मग आनंदा" असं काहीबाही. चाळीतल्या तात्यांना जाऊन जमाना झाला होता. प्राचीने गुपचूप डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, पण आईला सांगायचं कोणी, यावर नवरा-बायकोचं घोडं अडलं होतं.

रविवारी हितेंद्रने पाणी बंद केलं आणि कामाला हात घातला. पंप भिंतीला ठोकला. गाळणीतून येणारी नळी पंपात घातली, पंपातून निघणारी मशीनच्या पोटात नेली. पाणी कमी पडलं तर पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून एक इवलासा स्विच असतो, तोही बसवला. मग व्हॉल्व पूर्ण उघडला, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत राहिलेला अडॅप्टर घेऊन आला.

बटण दाबलं. पंप घूं करून सुरू झाला. प्राचीने टाळी वाजवली, आणि पंप बंद पडला. पुन्हा घूं, पुन्हा बंद.

"लिफ्ट बंद असली की तुमचं होतं तसंच चाललंय याचं," प्राची म्हणाली. "दोन पायऱ्या चढतो आणि दम खातो."

हितेंद्रला हसू आलं नाही. त्याने नळ्या तपासल्या. बरोबर होत्या. मग ओट्याखाली मान घातली. आत्ता, हात धुण्याआधी पूर्ण उघडलेला व्हॉल्व जवळजवळ मिटला होता, आणि मधल्या वेळात ओट्यापाशी फक्त आई येऊन गेली होती.

"आई, मी बाहेर गेलो तेव्हा तू हा बंद केलास?"

"नाय."

"मग कोणी केला? भुताने?" तो ओरडला, आणि ओरडल्याबरोबर त्याला रडू फुटेलसं वाटलं.

"बोंब कशाक मारतंस?" आई म्हणाली. "बंद खंय केलाय? बारीक केलाय."

"म्हणजे?"

"बारीक. रोज करते. बंद केला तर तुझ्या मशीनीत पाणी खंयसून येतला? एवढं कळतं मला."

"पण का?"

"का म्हणजे? चाळीत आपण तळाला. आपला नळ पुरता सोडला की वरच्या मजल्यावर चंपाच्या हंड्यात थेंब पडत नसे. कठड्यावरून बोंबलायची, कौसल्ये, नळ बारीक कर गो! विसरलास?"

हितेंद्र विसरला नव्हता. "आई," तो हळूच म्हणाला, "आता आपल्या वर कोणी राहत नाही."

आईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं नापासाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची. "माका काय दिसत नाय? तेव्हा पाणी खालून यायचं, म्हणून खालच्याने नळ बारीक करायचा. आता टाकी वर. पाण्याचा पहिला नंबर आपला. मग बारीक कोणी करायचा? आपणच ना? चंपाचं घर आता आपल्या खाली आहे, तिच्या तोंडचं पाणी काढून घेऊ?"

हितेंद्र ताडकन उठायला गेला आणि त्याचं डोकं ओट्यावर आपटलं. तो तिथेच फतकल मारून हसत सुटला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आईचं डोकं जागेवर होतं. त्याच्यापेक्षा जागेवर होतं.

"अगं आई, जितकं खाली तितका पाण्याला जोर जास्त. चंपाकाकूंच्या सिंकमध्ये नळ सोडला तर अंगावर उडतं."

"असं? मग तिने नको बारीक करायला?" आईला चंपाचा खरोखरच राग आला. मग ती हितेंद्रकडे वळली. "तू रोज तोंड पाडून विचारायचास, बंद केलास का, बंद केलास का. तुझ्या मनात शांता होती ते कळत होतं मला. मग मलाच भ्या वाटायला लागलं. म्हणून चहा उकळेपर्यंत चाळीतल्या खोल्या म्हणून बघते. पहिली आपली, मग तात्या, मग लक्ष्मी, मग आनंदा. एक जरी चुकली असती ना, तर मीच सांगणार होते, मला डॉक्टरला दाखव म्हणून."

"चुकली कधी?"

"नाय," आई ताठ मानेने म्हणाली.

हितेंद्रने व्हॉल्व पूर्ण उघडला. पंप सुरू झाला आणि सुरूच राहिला. मशीनची टाकी भरत आली तेव्हा प्राचीने नळाखाली ग्लास धरला, आणि तो बघता बघता भरला. पहिला ग्लास तिने सासूच्या हातात दिला. आई सावकाश प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

"तळमजला माझा," ती म्हणाली. "आता वरच्या मजल्याच्या खोल्या तू म्हण बघू."

"चंपाकाकू," हितेंद्र जोरात म्हणाला. "मग ते... कोण ते... गिरणीत होते ते..." तो अडला.

आईने रिकामा ग्लास ओट्यावर ठेवला. "प्राची, ती डॉक्टरची वेळ घेतलीस ना, ती तशीच राहू दे गो. ह्याका लागतली."