नांगराच्या विंचची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना विंच आहे. विंच म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र. माझ्या पोटात एक मोटर आहे, दातेरी चाकं आहेत आणि एक रीळ आहे. रिळावर दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी नांगर. एक बटण दाबलं की मी नांगर पाण्यात सोडतो, दुसरं दाबलं की वर घेतो. दोन लांब पोकळ नळ्यांवर सपाट फळ्या ठोकून, भोवती कठडा लावून केलेली एक पॉन्टून बोट आमच्या तलावात असते. तिच्या पुढच्या टोकाला माझं बिऱ्हाड आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते दुकानाच्या फळीवर, आणि तेही संशयाने.

त्या दिवशी एक जोडपं दुकानात आलं. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्याला घड्याळकाका म्हणत. बारीक अंगाचा, नखं स्वच्छ कापलेली, बोलणं कमी. बायको विमा कंपनीतून निवृत्त झालेली. तिचं काम लोकांचे दावे तपासण्याचं. घर जळालं म्हणून कोणी आला, तर ती आधी काडेपेटी कुठे होती ते विचारायची. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नव्हती.

दुकानदाराने फळीवरच्या सगळ्यात मोठ्या विंचवर हात ठेवला. "हाच घ्या, काकू. आयुष्यभर बघायला नको."

"बोट केवढी, पाणी किती खोल, तळाला चिखल की खडक, यातलं काही तुम्ही विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "एकदम सगळ्यात महाग तेच कसं काय उचललंत?"

दुकानदाराने घसा साफ केला आणि मग एकेक विचारायला लागला. पॉन्टून बोट पाण्यावर उंच असते. वारा तिला भिंतीसारखा ढकलतो. म्हणून नांगर हलका चालत नाही. नांगराचं वजन सहज उचलेल आणि वर थोडी ताकद शिल्लक राहील, असा विंच हवा. दोर लांब हवा, कारण तो पाण्यात सरळ खाली नाही, तिरपा पडायला हवा, तरच नांगर तळाला धरतो. असं सगळं जमवताना मोठा बाजूला पडला आणि मी पुढे आलो.

"आणि नांगर खाली अडकला तर?" काकूंनी विचारलं.

"तर याच्याने ओढत बसायचं नाही. हा नांगर उचलतो, खडक नाही. दोर बोटीच्या खुंटीला बांधायचा आणि इंजिनने हळू पुढे जायचं. उलट्या बाजूने ओढ बसली की नांगर सुटतो."

काकूंनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

बाहेर पडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं नांगर हाताने ओढलात. मी म्हटलं तरी कुणाला हात लावू दिला नाहीत. आता एकदम बटण कशाला?"

"वय झालं," काका म्हणाले.

काकूंना ते पटलं नाही. मलाही पटलं नाही. कारण काकांनी मला डाव्या हाताने छातीशी धरलं होतं. उजवा हात नुसता खाली लावलेला होता. त्यात जोरच नव्हता.

मला बोटीवर बसवलं काकूंच्या भावाने. तो वायरमन. मागच्या बॅटरीपासून माझ्यापर्यंत त्याने जाड तार ओढली आणि मध्ये एक खटका बसवला. माझ्यावर फार भार आला की तो खटका आपोआप पडायचा, म्हणजे मोटर जळणार नाही. काम करता करता तो हळूच म्हणाला, "दाजी, ताईला सांगून टाका."

"आत्ता नको. तिला यातलं काही कळू देऊ नकोस," काका म्हणाले.

काकू डबा घेऊन धक्क्यावर आल्या होत्या. त्यांच्या कानावर काकांचं वाक्य तेवढं पडलं. डबा त्यांनी जरा जोरातच खाली ठेवला.

मित्रांनो, ते माझे कौतुकाचे दिवस होते. शेजारच्या बोटींवरचे लोक मला बघायला यायचे. नांगर सरसर वर आला की माना डोलवायचे. काकू मात्र नियमाने वागायच्या. नांगर तळाला धरला की दोर खुंटीला बांधायच्या, म्हणजे बोटीची सगळी ओढ माझ्या दातांवर यायची नाही. पण बांधता बांधता त्यांची नजर काकांवर असायची.

कधी कधी काका एकटेच यायचे. नांगर खाली सोडायचे, वर घ्यायचे, पुन्हा सोडायचे. सुरुवातीला ते उजव्या अंगठ्याने बटण दाबायचे. पुढे बोटाच्या सांध्याने. मग एकदा त्यांनी कोपराने दाबलं आणि कोणी पाहत नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. मी सगळं जाणत होतो. पण मला ओढता येतं, बोलता येत नाही.

एके दिवशी त्यांच्यासोबत एक तरुण आला. दोघं कठड्याशी बसून बराच वेळ बोलले. उठताना त्या तरुणाने बोटीवरून कौतुकाने नजर फिरवली. काकू धक्क्यावरून हे पाहत होत्या. त्याच आठवड्यात काकांनी कठडा घासून लख्ख केला. झालं. विमा कंपनीतल्या मेंदूने सगळे धागे जोडले. नवा विंच, भावाशी कुजबुज, अनोळखी गिऱ्हाईक, लख्ख कठडा. आपल्याला न विचारता बोट विकायला काढली आहे, अशी काकूंची खात्रीच झाली.

त्यांना ते फार लागलं. दिवसभर दुकानात आणि घरी आल्यावरही काका भिंग डोळ्याला लावून गप्प बसायचे. ते मनमोकळं बोलायचे ते फक्त या बोटीवर. बोट गेली तर ते बोलणंही गेलं असतं. पण काकू थेट विचारायला तयार नव्हत्या. त्या पुरावा जमवत राहिल्या, आणि दोघांमधलं बोलणं आटत गेलं. पूर्वी बोटीवर ते शेजारी बसायचे. आता मध्ये पिशवी असायची.

मग ती दुपार आली. तलावाच्या पलीकडच्या काठाला, जिथे पाण्याखाली खडक आहेत, तिथे आम्ही नांगर टाकला होता. वारा एकाएकी वाढला. पाणी शिंपल्यासारखं पांढरं झालं. "चला निघू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोर खुंटीवरून सोडला. काकांनी बटण दाबलं. मी ओढायला लागलो. दोर ताठ झाला, पण नांगर येईना. तो कपारीत अडकला होता.

"थांबा," काकू म्हणाल्या.

काका थांबले नाहीत. मी ओढत राहिलो आणि नांगराऐवजी बोटच खाली जायला लागली. नळ्यांची पुढची टोकं पाण्यात घुसली. पहिली लाट फळ्यांवरून आत आली आणि काकूंच्या चपला वाहून मागे गेल्या. मला चटका बसला, जळका वास आला आणि खटका पडला. मी बंद झालो. दोर मात्र तसाच ताठ, आणि बोट नाक पाण्यात धरून अडकलेली.

माझ्या बाजूला एक मूठ आहे. ती फिरवली की रीळ मोकळं होतं. काकांनी सवयीने उजव्या हाताने मूठ धरली, पण बोटं मिटेनात. हात घसरला. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा घसरला. दुसरी लाट गुडघ्यापर्यंत आली.

"अहो, फिरवा की," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं. आवाज बदलला. "सरका तुम्ही. मागे जा, इंजिन घ्या."

त्यांनी दोन्ही हातांनी मूठ फिरवली. दोर सुटत गेला आणि बोटीने नाक वर काढलं. काकूंनी तो खुंटीला घट्ट बांधला. काका डाव्या हाताने सुकाणू धरून हळूहळू पुढे निघाले. दोर इंजिनाच्या पंख्यात जाऊ नये म्हणून काकू ओणव्या होऊन पाहत होत्या. थोडं डावीकडे, म्हणाल्या. अजून. एक झटका बसला आणि दोर सैल पडला. नांगर सुटला होता. मी थंड झालो तसा काकूंनी खटका पुन्हा वर केला आणि सांभाळून बटण दाबलं. मी नांगर वर आणला. त्याचा एक दात वाकला होता.

काठाजवळच्या शांत पाण्यात आल्यावर काकूंनी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी जन्मभर जबाब ऐकले. मला खोटं नका सांगू."

काकांनी उजवा हात पुढे केला. "पावसाळ्याच्या आधीपासून. घड्याळाचे स्क्रू हातातून पडायला लागले. गिऱ्हाइकाचं एक घड्याळ बिघडवलं मी. त्या पोराला बोलावलं होतं, दुकान बघशील का म्हणून."

"तो दुकानासाठी आला होता?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, तुम्ही बोट विकताय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "तू इतके दिवस हे मनात ठेवून माझ्याशी धड बोलत नव्हतीस?"

"आणि तुम्ही?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी मधली पिशवी उचलून पायाशी ठेवली.

घरी गेल्यावर त्यांनी भावाला फोनवर आधी भरपूर झापलं, मग जेवायला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं की कोपरापाशी नस दबली आहे आणि यायला उशीर केलात. ऑपरेशन झालं. हातात पकड आली, पण बारीक कामाची बोटं काही परत आली नाहीत. दुकान त्या तरुणाने घेतलं. काका काही दिवस घरात अस्वस्थ फिरले, मग सकाळी जाऊन त्याच्याशेजारी बसायला लागले.

आता मी म्हातारा झालो आहे. दोर ओढताना माझी घरघर लांबूनही ऐकू येते. काकांनी सुकाणू घेतलं आहे आणि मला काकू चालवतात. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास नाही. निघण्याआधी त्या सगळा दोर बाहेर काढून हातातून सरकवतात, कुठे झिजला आहे का ते बघतात. तारांचा वास घेतात. ओला दोर तसाच गुंडाळू देत नाहीत. मित्रांनो, मला याचा राग येत नाही. शेजारच्या बोटींवर पुढे आलेल्या माझ्या भाऊबंदांवर त्यांच्या मालकांचा पूर्ण विश्वास होता. कोणी कधी त्यांची झाकणं उघडून पाहिली नाहीत. ते केव्हाच भंगारात गेले. तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणी मुकाट्याने ओझं ओढत असेल. त्याच्यावर असा संशय जरूर घ्या. फक्त तो मनात ठेवून कुढू नका. जवळ जा, हात लावा आणि विचारा.

परवा सकाळी बोट धक्क्यावरून सोडायची होती. काका सुकाणूपाशी उभे राहिले आणि पुन्हा पुढे आले.

"आज बोटांना मुंग्या आल्या आहेत," ते म्हणाले. "सुकाणूही तूच घे."

काकूंनी "बरं" म्हटलं आणि त्या मागे गेल्या. काका माझ्याजवळ बसले. ऊन छान तापलं होतं. त्यांनी उजवा हात माझ्या गरम झाकणावर ठेवला आणि बोट सुटली तरी तो तिथेच राहू दिला.