सहावं सोंग

एक्सेल्दाच्या थोरल्या लेकाचं, मेदेरिकचं, लग्न झालं ते १९३६ साल. घरात नवी सून आलेली, म्हणून त्या मार्चात, ईस्टरआधीचे उपास निम्मे सरले तेव्हा, गावातली सोंगं आधी एक्सेल्दाच्याच स्वयंपाकघरात शिरली.

कॅनडातल्या आम्हा फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियनांची ही रीत साधी. जुनेपाने कपडे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्या बाईनं सोंग ओळखून त्याचं नाव घ्यायचं, तेही बापाआजासकट. नाव घेतलं की फडकं उतरतं, बसायला खुर्ची मिळते, हातावर सायीची वडी पडते.

पाच जणं ओळखली गेली. सहावी दाराशीच उभी होती, डावा पाय ओढत आलेली. तो पाय एक्सेल्दानं बघताक्षणी ओळखला. तिची धाकटी बहीण दोमितिल, हॅलिफॅक्सच्या इंग्रजाशी लग्न करून गेलेली. तिच्या मुलांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. आई मरताना नातवंडांशी बोलायला तडफडली आणि पोरं खाटेशी मख्ख उभी राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एक्सेल्दानं बहिणीचं एकही पत्र उघडलं नव्हतं. दोमितिलच्या पोटात गाठ आहे, माहेरी एकदा आपलं नाव कुणी घ्यावं एवढंच ती मागते, हे पाद्रीबाबांनी गेल्याच रविवारी सांगितलं होतं.

एक्सेल्दा नावं घेऊ लागली. गावातल्या एकेका बाईचं. मग पलीकडच्या गावातल्यांचं. मग मेलेल्यांचं. सून आधी हसली, मग तिनं वड्यांचं ताट खाली ठेवलं. म्हातारे थेओतिमकाका एक्सेल्दाच्याच आजाबापाची नावं पुटपुटले, "अगं, ही तर एलोईच्या प्लासिदची..."

"काका, घर माझं आहे. ओळखायचं मी."

दोमितिलचा हात फडक्याच्या गाठीकडे गेला. "ताई, मी गं."

"राहू द्या, बाई," एक्सेल्दा म्हणाली. "ज्याला ओळखलं नाही त्यानं झाकल्या तोंडानं जायचं. तुमच्याकडे ही रीत नसेल."

सख्ख्या बहिणीला तिनं अहोजाहो केलं, ते सगळ्यांनी ऐकलं. दोमितिलचा हात खाली आला. सुनेनं खुर्ची पुढे केली, ती सासूनं पायानं मागे ढकलली, आणि दार सताड उघडून धरलं.

दोमितिल ईस्टरनंतरच्या मंगळवारी, १४ एप्रिल १९३६ रोजी, हॅलिफॅक्सच्या इस्पितळात वारली.