शंका मुळीच नाही

निगडीच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत भाग्यश्रीचे पाय बोलायला लागले होते. सकाळपासून तीन वसाहती झाल्या होत्या आणि आता जाईबाईंकडे दुसऱ्यांदा जायचं होतं. लोकांची श्रद्धा मोजायची नोकरी असते, असं आधी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता हसायलाही दम उरला नव्हता.

ताथवड्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्राचा प्रकल्प चालला होता. श्रद्धाळू माणूस संकटात जास्त टिकतो का, हे शोधायचं. त्यासाठी वीस वाक्यं, जवळजवळ सगळ्यांत देव. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. वाक्यं वाचून दाखवायची आणि टॅबवर खूण करायची. जाईबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक हाच आकडा धरला होता. ‘देव माझी काळजी घेतो’, एक. ‘मी देवाकडे मागणं मागते’, एक. इथवर ठीक होतं. पण माणूस लक्ष देऊन उत्तरं देतोय ना, हे पकडायला मधे एक उलटं वाक्य पेरलेलं होतं: ‘देव आहे की नाही, अशी शंका मला येते.’ तिथंही त्यांनी एक सांगितला. देवही नाही आणि शंकाही नाही, हे काही यंत्राच्या डोक्यात शिरेना. त्याने फॉर्म लाल केला आणि खाली लिहिलं, उत्तरं निष्काळजीपणे दिली आहेत.

असे सदतीस फॉर्म लाल झाले होते, सगळे जाईबाईंच्याच वसाहतीतल्या बौद्ध घरांतले. शनिवारपर्यंत ते हिरवे झाले नाहीत तर भाग्यश्रीचं पुढच्या वर्षीचं काम गेलं. प्रकल्पाच्या प्रमुख तनुजा मॅडमना तिने सगळं समजावून सांगितलं होतं. प्रश्नावली बाहेरून आलीय, तिच्यातला एक शब्द बदलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून डोळे चोळत त्यांनी सुचवलं, पुन्हा विचारून बघ, एखाददुसरी खूण हलली तरी पुरे.

जाईबाईंचं दार उघडंच होतं. सत्तरीची बाई, कंपनीत झाडलोट करून तीन पोरं शिकवलेली. नवरा भीमराज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती विहारात वंदनेला हजर होती, असं शेजारीण सांगायची. जय भीम झालं, पाणी झालं. भाग्यश्रीने ते उलटं वाक्य पुन्हा वाचलं.

“शंका कसली, बाई?” जाईबाई म्हणाल्या. “बावीस प्रतिज्ञा घेतल्या तवाच मिटलं ते.”

“आजी, मशीन म्हणतं, तुम्ही लक्ष न देता उत्तरं दिलीत.”

जाईबाईंनी टॅब आपल्याकडे वळवला. मग रोजच्या वंदनेची खूण कुठं करतेस, असं त्यांनी विचारलं. वंदनेला वीस वाक्यांत कुठंच जागा नव्हती. भाग्यश्रीने तसं सांगितलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. बोलता बोलता सदतीस फॉर्मांचं आणि शनिवारचंही तिच्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं.

जाईबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. कप तिच्या हातात देत म्हणाल्या, “पार सुकून गेलीस गं. तुझं काम टिकत असंल तर लिही तीन. मी काय हाय ते मला ठाव हाय.”

भाग्यश्रीने कप खाली ठेवला. जन्मभर ज्या शंकेला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, ती ही बाई एका परक्या पोरीसाठी आपल्या नावावर लावून घ्यायला तयार झाली होती. कामाला लागताना पहिला फॉर्म ज्याचा त्याने भरायचा होता, ते भाग्यश्रीला आठवलं. तिच्याही घरी भिंतीवर त्याच प्रतिज्ञा होत्या. पण शेजारी बसलेली मुलगी वाकून बघत होती, तिला आपलं घर कळू नये म्हणून तिने कुठं दोन, कुठं तीन अशा खुणा करून टाकल्या. तो फॉर्म पहिल्याच झटक्यात हिरवा झाला होता.

तिने जाईबाईंच्या फॉर्मला हात लावला नाही. स्वतःचा उघडला. एकेक वाक्य मनाशी वाचत तिने वीसही ठिकाणी एक केला, शंकेपुढेसुद्धा. मग तो पाठवून दिला आणि कप उचलला.

“झालं का काम?” जाईबाईंनी विचारलं.

टॅबवर आता अडतीस फॉर्म लाल होते.

“झालं, आजी,” भाग्यश्री म्हणाली.