सैल पट्ट्याचे गाणे

मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला स्वतःला गाता येत नाही. कुणीतरी रेकॉर्ड ठेवावी, मी ती फिरवावी आणि वाहवा गाणाऱ्याची व्हावी, असा माझा जन्मभराचा धंदा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कारखान्यात मला जोडले तेव्हा माझे झाकण आरशासारखे लखलखत होते. पोटात लहानशी मोटर, वर जड थाळी आणि दोघांना जोडणारा एक रबरी पट्टा. हा पट्टा लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण त्याच्यामुळेच घडले.

पहिली काही वर्षे मी एका नृत्यशिक्षिकेच्या घरी काढली. तिथे माझे भारी कौतुक होते. पाहुणे आले की बाई झाकण उचलून मला दाखवायच्या. मग घरात नवे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी आली. एकदा त्यांचा सोफा नवे कापड चढवायला निघाला, तेव्हा त्याच टेम्पोत मलाही बसवले. काम झाल्यावर सोफा परत गेला. मी राहिलो. "राहू दे तिकडेच," एवढाच बाईंचा निरोप आला.

असा मी गादीवाल्यांकडे आलो. सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे गादीवालेच म्हणत. त्यांच्या मागच्या खोलीत स्पंजच्या लाद्या, कापसाची पोती आणि कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत. दार लावले की बाहेरून ट्रक गेला तरी कळत नसे. गाणे ऐकायला याहून चांगली खोली मी पाहिली नाही.

गादीवाल्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला ट्रिप हॉपचे वेड होते. नाव अवघड असले तरी ओळखायला सोपे. ठेका जड आणि संथ, छातीत घुमणारा बास म्हणजे खर्जातला सूर, त्यावर एखादा उदास गळा, आणि मागे जुन्या रेकॉर्डची चरचर. ही चरचर गाणे करणाऱ्यानेच मुद्दाम ठेवलेली असते. हे त्या दोघांना आधी ठाऊक नव्हते. त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून माझी सुई तीनदा साफ करून घेतली. चरचर काही जाईना. शेवटी ती गाण्यातच आहे हे उमगले, तेव्हा बहीण कापसाच्या पोत्यावर पडून हसली. त्या दिवसापासून खोलीत नियम झाला: गाण्याला नावे ठेवायची नाहीत.

पुढे दोघांनी स्वतःचीही एक रेकॉर्ड काढली. तिच्यातला ठेका म्हणजे गादीवाल्यांच्या हातोडीचा ठोका, तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला. सुरुवातीला बहीण माउथ ऑर्गनवर एक लांब सूर धरते आणि त्याच सुरावर गायला लागते. मोजक्याच प्रती निघाल्या. वाटून, हरवून शेवटी एकच उरली. मग बहीण आजारी पडली आणि गेली. तिचा नवरा लहान मुलीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. गादीवाल्यांकडे ती रेकॉर्ड राहिली आणि मी राहिलो.

एकट्याने ऐकवेना, म्हणून त्यांनी जाणकार गोळा केले. एक नर्सबाई आल्या. एक बसचालक आला. बस चालवताना टक्क जागा असणारा हा गडी इथे बास सुरू झाला की पेंगायचा, म्हणून त्याचे नाव पडले डुलकी. दर रविवारी सकाळी मंडळी गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर बसत. "नवी स्प्रिंग तपासतोय," असे गादीवाले म्हणत. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही. शेवटी बहिणीचे गाणे लागे. कुणी नवा माणूस आलाच, तर त्याचा हात स्पीकरच्या लाकडावर ठेवून त्याला बास ऐकवत. एकाच गोष्टीवर जीव असलेली माणसे एकत्र बसली की फार बोलावे लागत नाही.

वर्षे गेली. रबर ते रबरच, माझा पट्टा सैल पडत गेला. थाळी किंचित हळू फिरू लागली, मग आणखी किंचित. थाळी मंदावली की गाण्याचा सूरही खाली उतरतो. दुसऱ्या एखाद्या संगीताची मंडळी असती तर महिन्याभरात ओरडली असती. पण यांना संथच आवडायचे. "आजकाल काय वजनदार वाजतंय!" असे म्हणून डुलकी डोळे मिटायचा. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे?

मग एका रविवारी बहिणीची मुलगी आली. ती आता नोकरी करणारी बाई झाली होती. वडिलांनी घरात आईचा विषय कधी निघू दिला नव्हता. तिच्याकडे आईचा माउथ ऑर्गन तेवढा होता, आवाज कुठेच नव्हता. तो ऐकायला ती आली होती. गादीवाल्यांनी तिला चांगला मखमली सोफा दिला आणि सुई टेकवली.

बाजू संपायच्या आतच ती उठली. "मामा, ही माझी आई नाही."

आजवर त्या खोलीत गाणे चालू असताना कुणी बोलले नव्हते.

"अगं, असं काय बोलतेस? मीच रेकॉर्ड केलंय तिला."

"असेलही. पण ही बाई दमलेली वाटते. मला झोपवताना आई अशी नव्हती गात."

"ताई, हे संगीतच संथ असतं," डुलकी समजावू लागला. "नवीन माणसाला असंच वाटतं. नंतर सवय होते."

तिने पर्समधून माउथ ऑर्गन काढला. "गाण्याच्या सुरुवातीला हाच वाजतो ना? परत लावा."

मी पुन्हा वाजू लागलो. तिने तोच सूर धरला. दोन सूर एकमेकांना असे टोचू लागले की डुलकी पूर्ण जागा झाला.

"बिघडला असेल तो," गादीवाले म्हणाले. "किती वर्षांचा आहे!"

"आणि प्लेयर किती वर्षांचा आहे, मामा?"

नर्सबाईंनी कागदाचा कपटा माझ्या थाळीच्या कडेला चिकटवला आणि रुग्णाची नाडी बघावी तशा त्या घड्याळ लावून मोजत बसल्या. "मिनिटाला तेहतीस फेरे हवेत ना? एकतीससुद्धा भरत नाहीत. नाडी मंद आहे हो तुमच्या पेशंटची."

गादीवाल्यांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटले. भाचीने परतीचे तिकीट पुढे ढकलले. डुलकीने गावभर हिंडून नवा पट्टा आणला, आणि पुढच्या रविवारी त्यांनी माझी थाळी उचलून जुना पट्टा काढला. तो हातात घेतला तर शेवयांसारखा लोंबत होता.

सुई टेकली. भाचीने माउथ ऑर्गन ओठाला लावला. या वेळी दोन सूर वेगळे ऐकूच आले नाहीत. मग गळा लागला: मोकळा, वरचा, थोडासा खट्याळसुद्धा.

"हीच," भाची म्हणाली, आणि तिला रडू आले.

गादीवाले मात्र परके कुणी गात असावे तसे ऐकत होते. बाजू संपल्यावर म्हणाले, "एवढी लहान होती ती? मला वाटायचं, माझ्याबरोबर तीही म्हातारी होत चाललीय." मग सुई उचलून त्यांनी विचारले, "पुन्हा लावायचं का?"

ते गाणे त्या दिवशी चार वेळा लागले. डुलकी एकदाही पेंगला नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसता, ते चांगलेच आहे. पण कधीतरी झाकण उघडून आतला पट्टाही बघा. आणि बघायला बाहेरचे कुणी बोलवा, कारण रोज जीव लावणाऱ्यांच्या कानाला सवय झालेली असते. माझा जुना पट्टा गादीवाल्यांनी फेकला नाही. कापडाचा गठ्ठा बांधायला ते तो वापरतात. तिथे थोडे सैल चालते.